ठिगळाचा दर

हॅमिल्टनच्या बंदरासमोर, चौथ्या मजल्यावर,
मी आभाळाचा दर काढते.
फाटलं तर ठिगळ केवढं लागेल,
कुठल्या आकड्यापर्यंत तुमचं,
कुठून पुढे आमचं.
पुनर्विमा म्हणतात याला.
बाबांना अजून नीट सांगता आलेलं नाही.

बाबा, अवेलिनो फुर्तादो, छपरं बांधतात.
चुनखडीच्या फरश्या, पायरीपायरीनं, वरून पांढरा चुना,
पावसाचा थेंब न थेंब घरंगळत खालच्या टाकीत.
मागच्या दाराशी शार्कच्या तेलाची बाटली टांगलेली:
तेल गढूळलं की वादळ,
निवळ असलं की रविवारी होडी बाहेर.
एवढंच त्यांचं मॉडेल.
त्याला लायसन्स लागत नाही.

माझं मॉडेल एका रात्रीत
दहा हजार वर्षं जगतं.
वर्षावर्षाला वादळं सोडतं समुद्रात, नाव न ठेवता,
आणि सकाळी मी कॉफी घेऊन येते
तोवर एकाच गावाची
सव्वातीनशे वेळा पडझड झालेली असते.
रडलेलं कुणीच नसतं.

अठरा डिसेंबरला इग्नेशिया प्रॉस्पर आल्या.
दक्षिणेकडच्या एका बेटावरची छोटी विमा कंपनी.
(बेटाचं नाव सांगत नाही, करारात तसं लिहिलंय.)
चार हजार एकशे बारा घरांची यादी.
भिंत: ब्लॉक. मजले: एक. साल: अंदाजे.
छप्पर: माहीत नाही.
छप्पर: माहीत नाही.
छप्पर: माहीत नाही.
पानामागून पान.

मॉडेलला 'माहीत नाही' कळत नाही, असं नाही.
फार चांगलं कळतं.
ते म्हणतं, मग पत्रा धरू,
जुना, चार खिळ्यांवर.
आणि दर चढतो.

"माझ्या घराचं छप्पर मला माहीत आहे हो,"
बाई म्हणाल्या, "पण विचारायला कुणी आलंच नाही.
माणूस पाठवायचा, तर बोटीचं भाडं कोण देणार?"
हसल्या. मीही हसले.
मग दोघींनी खाली पाहिलं,
त्यांनी बजेटकडे, मी रेषेकडे.

त्यांच्या पैशात ठिगळ खालून लागत नव्हतं.
वर सरकवलं.
पहिले दोन कोटी डॉलर तुमचे,
त्यावरचं आम्ही बघू.
एकतीस तारीख, रात्री अकरा चाळीस, सही.
हिशेब चोख होता.
अजूनही चोख आहे. मी पुन्हा तपासला.
पुन्हा एकदा तपासला.

वादळ सप्टेंबरात आलं.
माझ्या सहा हजार दोनशे अठराव्या वर्षातल्यासारखं,
फक्त चालीला जरा मंद.
बेटावर अकरा तास बसून राहिलं.
तीन आठवड्यांनी आकडा आला:
एक कोटी शहाण्णव लाख.

चार लाख कमी.

आमच्या मजल्यावर टाळ्या वाजल्या नाहीत,
तेवढी रीत आहे आम्हाला.
कुणीतरी खिडकी उघडली.
आउटरब्रिज माझ्या टेबलापाशी थांबून म्हणाले,
"सुरेख बसवलास आकडा,"
जणू मी बाहीला बटण लावलं होतं.

मार्चमध्ये बाईंची ईमेल.
सगळे दावे चुकते केले.
कंपनी या महिन्याअखेर बंद.
घरांची नवी यादी सोबत जोडली आहे,
कुणाला उपयोग झाला तर.
या वेळी छपराचा रकाना पूर्ण भरलाय.

उघडली.
छप्पर: नाही.
छप्पर: नाही.
छप्पर: ताडपत्री.
छप्पर: अर्धं, शेजाऱ्याचं.
छप्पर: नाही.

रविवारी बाबांना दाखवली.
चष्मा कपाळावर सरकवून
ते बराच वेळ वाचत राहिले,
बोटाला चुना होता, तो कागदाला लागला.
मग म्हणाले,
"आणि पाणी?
पाणी कुठं साठवतात आता ही माणसं?"

सोमवारी मी यादीला एक रकाना जोडला.
मॉडेल चालवलं.
त्यानं तो वाचला नाही,
पुढच्या वर्षात गेलं.