टेम्प फोल्डर, परळ

पावणेदोनला डिस्क अठ्ठ्याण्णव टक्के भरली
आणि फोन माझा वाजला.
म्हणजे आज केर माझ्याकडे.

मानखुर्द, भांडुप, चारकोप,
सगळ्या सेंटरांतले एक्स-रे इथं परळला येतात.
ज्यांची लाइन वाटेत तुटते ते अर्धेच येतात,
नावापुढे डॉट पार्ट लावून
बसून राहतात कोपऱ्यात.
उठा, असं कुणी म्हणत नाही.

कोड डायस सरांचा. सर आता वसईला, केळी लावतात.
फायनलीमध्ये डिलीट लिहिलंय त्यांनी, न विसरता,
फक्त स्ट्रीम बंद करायच्या एक ओळ आधी:
जेवणारा उठला नाही तोच ताट ओढायचं.
डिलीट म्हणालं, फॉल्स.
दहा वर्षं म्हणतंय.
ते उत्तर झेलायला एक व्हेरिएबलसुद्धा ठेवला नव्हता.

'जाताना आवरून जाईन' असंही एक वचन आहे त्यात.
पण आमचा प्रोग्राम सांगून कधी जातच नाही,
त्याला दर वेळी मारावं लागतं.

एकोणतीस हजार चारशे सहा.
मी नियम लिहिते:
चोवीस तासांहून जुनी असेल
आणि शेजारी तिचीच पूर्ण प्रत असेल, तरच पूस.
आधी नुसती यादी काढते. मग पुसते.
पंखा लावल्यासारखं वाटतं.

एकतीस उरतात, ज्यांची पूर्ण प्रत नाही.
एक उघडते.
खांदे. हनुवटीची कड. काढायची राहिलेली साखळी,
पांढरी, मण्यांसकट.
चौथ्या बरगडीखाली सपाट करडं.
त्याखालीही बाई असणारच.

मानखुर्दला इम्तियाज उचलतो, झोपेतला आवाज.
'मोहिते बाई ना? दोनदा येऊन गेल्या,
मी म्हटलं, परळहून आला नाही.'
मशीनवर आहे का अजून?
'सात दिवस ठेवतो आम्ही. थांबा… आज सहावा.'

पाठव.
एकवीस टक्के, चाळीस, चाळीसवरच बराच वेळ,
मी खुर्चीतून हललेही नाही,
जणू माझ्या हलण्यानं वायर सुटेल.
चार वाजून सहा मिनिटांनी
नावाची शेपटी गळून पडली.

मी ती उघडली नाही. ते डॉक्टरांचं.
जुनी अर्धी पुसली,
आणि पुसली का, हे या वेळी विचारलं.
ट्रू.

तीस राहिल्यात.
भांडुपला फोन लागत नाहीये.