धुरी

दीड-दोन तासांनी कुठला ना कुठला उपग्रह
याकुत्स्कवरून जातो, आणि मी रेघ ओढते.
आतला तो धूर, बाहेरचं ते आकाश.
रेघेला जाडी नसते असं शाळेत शिकवलं होतं.
माझ्या रेघेला आहे : साधारण दोन गावं.

ढगाला काठ असतो. धूर नुसताच विरत जातो,
भर उन्हात तर दिसतही नाही धड.
सूर्य कलला, उजेड तिरपा झाला, की सापडतो
चष्म्यावरच्या बोटांच्या ठशांसारखा.

विरळ, मध्यम, दाट. माझ्याकडे तीनच शब्द.
परवा दाटचं एक टोक उत्तरेला सरकत सरकत
समुद्रावर गेलं, बर्फात मिसळलं.
मी त्याला वाटेला लावलं आणि चहा प्यायले.

आज बाबांचा फोन.
विल्युईच्या काठचं आमचं कुरण, तळं, अकरा गायी.
"येतोय का इकडे?"
मी पडद्यावर मोजलं. "दोन बोटं लांब आहे, बाबा."
"कुणाची बोटं?" म्हणाले, आणि खोकत राहिले.
मग म्हणाले, एरिएन गेली. बाकीच्या तिच्यामागून.

उन्हाळ्यात आमच्याकडे डास असे उतरतात
की गाईला श्वास घेववत नाही.
म्हणून बाबा संध्याकाळी सुक्या शेणाची धुरी करतात
आणि गायी आपणहून येऊन
धुरात उभ्या राहतात, डोळे मिटून.
धूर म्हणजे घर, हे त्यांना कुणी शिकवलं नाही.
नाही, शिकवलं. बाबांनीच.
यंदा धूर जंगलाकडून आला,
आणि त्या उठून त्याच्याकडे चालू लागल्या.

मी चित्र मोठं करत गेले.
एक ठिपका म्हणजे अर्धा किलोमीटर :
त्यात आमचं घर मावतं, गोठा, गवताच्या गंज्या, आईची कबर.
गाय मावत नाही. गाय फार लहान आहे
एवढ्या मोठ्या ठिपक्याला.

फोन चालूच होता. पलीकडे काडी ओढल्याचा आवाज,
एकदा, परत एकदा.
"काय करताय?"
"धुरी लावतोय."
"एवढ्या धुरात?"
"शेणाचा वास वेगळा असतो," बाबा म्हणाले,
जसं काही मी शहरातच जन्मले.

साडेनऊचं चित्र आलं.
रेघ सरकवली. आमचं कुरण आत घेतलं. दाट.
तो जमिनीला टेकलाय की तीन-चार किलोमीटर वर तरंगतोय
ते वरून कळत नाही,
आणि खाली विचारायला आता रेंज नव्हती.

उगमाच्या रकान्यात 'एक' लिहिलं होतं,
ते खोडून 'दोन' केलं.
"दुसरा कुठाय?" प्रोकोपीने खुर्ची जवळ ओढली.
बराच वेळ बघत बसला बिचारा.