भांग

सोसायटीच्या भिंतीवर, डिझेलच्या वहीच्या वर,
भरती-ओहोटीचा तक्ता टांगलाय.
पुनव-अवसेचे आकडे कुणीतरी लाल पेननं गोल केलेत.
अष्टमीला कुणी गोल करत नाही.

एकोणीस वर्षांची होते, तेव्हा मी त्या लाल गोलातच राहायचे.
हरेश्वर चोगले. त्याच्या बापाची दोन सिलिंडरची होडी,
आणि नाळेच्या आतल्या फळीवर डांबरानं लिहिलेलं माझं नाव.
'कुंदा' लिहायचं होतं, अनुस्वार राहिला.
'कुदा'.
वाचणाऱ्याला वाटावं, उड्या मारा.
मारल्याच की आम्ही.
त्या पुनवेला पाणी वलांडीपर्यंत चढलं,
आईचे अर्धे बोंबील घेऊन गेलं,
ती हाका मारत होती म्हणे.
मला ऐकू आलं नाही.

उधाण जेवढं चढतं तेवढंच मागे हटतं,
हर्णैत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.
हरेश्वर मिरकरवाड्याला गेला, तिकडचाच झाला,
आणि मी चिखलात उभी,
पाणी कुठवर गेलंय ते डोळ्यांवर हात धरून बघत.
चौदा वर्षं.

दोरकुळकर बर्फाच्या कारखान्यातून यायचे, बिलावर सही घ्यायला.
अंगाला अमोनियाचा वास.
पहिलं वाक्य बोलले तेही माझ्याशी नाही, टेबलाशी:
"हा पाय आखूड आहे."
दुसऱ्या दिवशी रबराचा तुकडा कापून आणला,
खाली बसले, बसवला, गेले.
मी वहीत लिटर मांडले. रेघ हलली नाही.

मग असंच. कुणाला सांगण्यासारखं काही नाही.
कुकरची शिटी. छपराची दोन कौलं.
बाबांना दापोलीला न्यायला पहाटेची रिक्षा,
आणि दवाखान्याच्या बाकावर पाच तास
पेपरातलं शब्दकोडं,
आडवे शब्द त्यांचे, उभे माझे.
परतताना घाटीत म्हणाले,
"सुलभाला जाऊन सहा वर्षं झाली.
तिचा फोटो मी भिंतीवरून काढणार नाही."
म्हटलं, "काढू नका.
पुसायचं फडकं कुठं असतं, तेवढं सांगून ठेवा."
आमचं लग्न ठरलं ते एवढंच.
अजून मी त्यांना दोरकुळकरच म्हणते.

गेल्या मे महिन्यात चोगल्यांची होडी मोडीत निघाली.
बंबाला होतील म्हणून हे चार फळ्या घेऊन आले,
अंगणात टाकल्या, आणि एका फळीपाशी थांबले.
वाचलं.
माझ्याकडे बघितलं. पुन्हा वाचलं.
कानावरची पेन्सिल कानावरच राहिली.
फळी बंबात गेली नाही, एवढंच.
मोरीच्या तोंडाशी आहे ती आता,
बाजारातून आलो की तिच्यावर उभे राहून पाय धुतो,
आधी ते, मग मी.

भांगाच्या दिवसांत पाणी फार चढत नाही, फार उतरतही नाही.
कालवं मिळत नाहीत, हेही खरं.
लांबचे खडक उघडेच पडत नाहीत.
कधी कधी मला त्या खडकांची आठवण होते,
तळपाय कापले होते, त्याचीसुद्धा.
लपवत नाही. त्यांनाही होत असेल कशाची.
तेव्हा ते उगाच रेडिओ खोलून बसतात,
मी चहा ठेवते, साखर बेताची.

आज अष्टमी.
ओटीवर बसून केस विंचरतेय.
पांढरे आता दोन्ही बाजूंना सारखेच पडतात.
आतून आवाज येतो, "पाणी काय आज?"
"भांग," मी म्हणते.
दोरकुळकर बाहेर येतात,
कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढतात,
आधी माझ्या डोक्याकडे बघतात, मग समुद्राकडे.
"थोडा वाकडा आहे," म्हणतात.
मी फणी खाली ठेवते.