खर्ज

शाळेच्या तिसऱ्या मजल्यावर पियानो होता,
खालच्या सप्तकातली एक पट्टी मुकी.
त्सियाला बाई म्हणायच्या, राहू दे तिला,
तो सूर आला की पाय आपटा.
आम्ही आपटायचो. खाली मुख्याध्यापकांचा दिवा हलायचा.

गाव मँगनीजचं. नदी काळी,
चादर दोरीवर टाकली की संध्याकाळपर्यंत नदीची बहीण.
दरीवरून तारेवर पाळणे जायचे
त्यात बसून बाप खाणीवर,
आणि परतताना कुणी कुणाशी बोलायचं नाही.
बोललं की खोकला येतो.

आम्हा जॉर्जियन लोकांत गाणं तीन आवाजांचं.
वरचे दोन भांडतात, खालचा धरून ठेवतो,
जसं टेबल धरून ठेवतं
दारू चढलेल्या पाहुण्यांना.
तो खालचा, बापांचा.
पण आमच्याकडे लग्नात, मयतात,
चौथ्या ओळीला
खर्ज खोकायचा.

बाई वही घेऊन घरोघर गेल्या.
दार उघडलं की, "एक 'ओ' धरा. जमेल तितका."
आणि मनगटावरचं घड्याळ बघायच्या.
वालिको, बावीस वर्षं खाणीत : अकरा सेकंद.
बेसो, चौतीस वर्षं : सहा.
माझा बाप खाटेवर उठून बसला,
शर्टाचं वरचं बटण लावलं, जणू फोटो काढायचाय.
नऊ.
म्हणाला, पुन्हा घ्या, आत्ताच जेवलोय.
पुन्हा सात.
बाईंनी नऊच लिहिले.

त्या आकड्यांची त्यांनी रचना केली.
वरचे दोन आवाज आम्हा मुलींचे,
खाली खुर्च्यांवर बसलेले चौदा पुरुष;
ज्याचा श्वास जिथे संपेल तिथे त्यानं थांबायचं.
सरावात एकदा ती जागा मी भरून काढली,
बापाची दया येऊन.
बाईंनी फूटपट्टी आपटली :
"तुझा श्वास तुझ्यापाशी ठेव.
ते भोक त्यांचं आहे. किंमत मोजलीय त्यांनी."

कंपनीचा वर्धापनदिन, हॉल कंपनीचा,
पत्रिकेत नाव छापलेलं : पाळणा.
साहेबांना वाटलं अंगाई.
पहिल्या रांगेत कुणीतरी डोळेही मिटले.
मग खालून एकेक आवाज गळायला लागला
आणि आमचे दोन वरचे, टेबलाशिवायचे,
हवेत भांडत राहिले.
तिसऱ्या रांगेतला कंपनीचा डॉक्टर,
सगळ्यांना 'तंदुरुस्त' लिहून देणारा,
चष्मा पुसत होता. बराच वेळ.

पुढच्या महिन्यात कंपनीनं
मुखवटे नाही, पंखे नाही,
पियानो दुरुस्त करून दिला.
ती पट्टी आता वाजते. छान वाजते.
आम्ही तरी पाय आपटायचो.

वर्षानं बाई पुन्हा निघाल्या, तीच वही.
बापानं दार उघडलं नाही.
आतून 'ओ' आला.
बाईंनी पायरीवर उभं राहून मोजला,
लिहिला,
आणि मला दाखवायच्या आधी
वही मिटली.