दोन तासांनी

टीपॉयचा कोपरा. आवाज
फरशीवर नारळ ठेवावा, तेवढाच.
मग ती न रडलेली तीन सेकंदं.
तीच अजून मोजतोय.

बर्फ नव्हता. फ्रीजमधली दुधाची पिशवी
फडक्यात गुंडाळून धरली कपाळाला.
टेंगूळ लिंबाएवढं. मग बोराएवढं,
की मीच तसं बघत होतो.

टीपॉयला चापट मारली, रिवाजाप्रमाणं: हात रे!
रेवा हुंदके गिळत उठली
आणि त्याच्या कोपऱ्यावर
फुंकर घालून आली.

मेघा सीपीआरला, रात्रपाळीत,
लोकांची डोकी सांभाळत.
उलटी? नाही.
डोळे फिरवले? नाही.
झोपू दे मग. दोन-दोन तासांनी
हाक मारून बघ.
आवाज नर्सचा होता.
फोन ठेवताना तेवढा फाटला.

अकराला: रेवा, मी कोण?
"बाबा." आणि कूस.
एकलाही तेच.
तीनला फुलेवाडी नाक्यावरनं
उसाचा ट्रॅक्टर गेला, डॉल्बी लावून.
रेवा, मी कोण?
डोळे न उघडताच तिनं
माझ्या तोंडावर पंजा ठेवला.
गप.

पाचला विचारलं नाही. नुसता श्वास ऐकला.
मग तीच पिशवी फोडून
चहा ठेवला.
दूध नासलं नव्हतं.