दोन बोटं फट

सोलापुरात कसली आलीय थंडी, म्हणून चहावाला हसतो.
त्याला एकदा नान्नजच्या माळावर न्यायला हवं,
जानेवारीत, पहाटे चारला,
जेव्हा तंबूच्या कापडाला आतून घाम फुटतो
आणि बाटलीचं झाकण बोटांना ऐकत नाही.

स्टोव्ह आमचा तेलाच्या पंधरा लिटरच्या डब्याचा.
पाय चार, घडीचे. पाइपाचे तुकडे पाच,
एकात एक सरकणारे, डब्याच्याच पोटात मावणारे.
बनवला व्यंकटस्वामी बोद्दूल यांनी,
जे अठ्ठावीस वर्षं गिरणीत जॉबर होते
आणि नंतरची अकरा वर्षं माझे वडील.

दिवाळी उरकली की डबा माळ्यावरून उतरतो.
आधी पाइप. अंगणात उभा धरून काठीनं ठोकायचा.
पहिल्यांदा पिठासारखी काजळी पडते, मग खवले.
खवले डांबरासारखे चकाकले तर समजायचं,
गेल्या हिवाळ्यात कुणीतरी ओली बाभूळ घातली होती.
कुणीतरी म्हणजे मीच.
मग बाटल्या धुवायचा ब्रश, सायकलच्या तारेला बांधलेला,
आत-बाहेर, आत-बाहेर, धोट्यासारखा.
गंजावर काचकागद. त्यावर जवसाच्या तेलाचा बोळा,
"पातळ गं. भाकरीला पाणी फिरवतीस की, तसा."
आणि पहिला जाळ उघड्यावरच,
तेल करपून पत्रा काळा होईपर्यंत.
शेजारच्या नागव्वा खिडकी लावून घेतात,
खोकतात, मुद्दाम, मला ऐकू जाईल असं.

ठिणग्या अडवायला पाइपाच्या तोंडावर चहाची गाळणी,
दर वर्षी नवी. एक वर्ष विसरलो,
त्याची सात भोकं तंबूच्या छपराला आहेत,
सातांवर चादरीची ठिगळं.
एकावर मोराची फक्त मान आली आहे.

माळ वाळलेला असतो, नुसता काडीची वाट बघत.
म्हणून तंबू चौकीच्या आवारात, मुरमावर.
भोवत्या उतरतात त्या गवतापासून लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला.
आम्ही त्याच मोजायला येतो. तिन्हीसांजेला
त्या घिरट्या घालत एकेक करून गवतात बुडतात
आणि रात्रभर जमिनीवरच निजतात,
कझाकस्तानाकडून आलेली पाखरं, ना झाड, ना छप्पर.
तिकडे म्हणे माणसंही तंबूत राहतात,
मधोमध चूल, छपरातून वर गेलेलं धुराडं.
बाबांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं,
"पाइप किती इंची?"

तळाला बोटभर राख ठेवायची, सगळी काढायची नाही.
राखेवर निखारा टिकतो, पत्राही जळत नाही.
आधी तुराट्या, मग बोटाएवढं, मग मनगटाएवढं लाकूड.
ओलं वाटलं तर गालाला लावून बघायचं.
आणि कितीही गारठा असो,
दाराची चेन खालून दोन बोटं उघडी.

या वर्षी कॉलेजचा तौसिफ आलाय बरोबर.
त्यानं मी झोपल्यावर चेन पूर्ण ओढून घेतली.
तीनला जाग आली, डोकं जड, ज्योत पिवळी, आळशी.
मी चेन उघडली. "थंडी वाजायली की ओ," तो म्हणाला.
वाजू दे, म्हटलं.

त्याला नाही सांगितलं, की शेवटच्या महिन्यात
सिव्हिलच्या वॉर्डात, छातीत अठ्ठावीस वर्षांचा कापूस घेऊन,
नाकाला नळी असताना
बाबा खिडकीकडे हात करायचे.
नर्स म्हणायची, बंदच राहू द्या, गार आहे बाहेर.
ते दोन बोटं दाखवायचे. नुसती दोन.
तिला वाटायचं, पाणी मागतात दोन घोट.
मलाही एक दिवस तसंच वाटलं होतं.

पहाटे गवतातून पहिली भोवती उठली,
मग सहा एकदम, मग मोजता न येणारा घोळका.
तौसिफचे एकेचाळीस, माझे अडतीस. पुन्हा भांडू.
राख अजून कोमट आहे. त्यावर पाणी,
मग हात घालून बघायचं, मगच खड्डा.
पाइप निवल्याशिवाय काढायचा नाही.
बसलोय आम्ही, चहा संपलाय,
तो पाइपाला बोट लावून बघतोय, दर मिनिटाला.