रविवारी, तिकीट काढून

ध्रुपदे, रविवारचं पक्कं.
साडेआठला गोलाईत, चपलांच्या गल्लीच्या तोंडाशी.
नसरीन येऊलाली.
मंडोदरीला फोन लावला, तर सून उचलते
आणि 'बरं' म्हणून ठेवते.
म्हणजे तिचं काही खरं नाही.

शेअर ऑटो बायपासच्या पुलापर्यंत, माणशी पंधरा.
तिथून फाटक दिसतं म्हणे,
कमानीवर सिमेंटचं हरीण.
आपल्या वेळी तिथं कचऱ्याचा ढीग होता
आणि ढिगावर डुकरं.

तिकीट वीस रुपये. सोमवारी बंद.
साठच्या पुढं फुकट, पण आधार कार्ड बघतात,
आणि आधारावर तू एक्कावन्नची आहेस.
शिबिरातल्या पोरानं लिहिलं ते लिहिलं.
भर वीस रुपये, हो तरणी.

आणि ते लुगड्यावर नवऱ्याचा शर्ट,
डोक्याला टॉवेल, तसलं काही घालून येऊ नको.
मी जांभळी नेसणार आहे, पुतणीच्या लग्नातली.
बाकावर बसायचंय आपल्याला.
ते बाक टेम्पोतून उतरले तेव्हा
प्लास्टिकात गुंडाळलेले होते,
आणि मुकादम म्हणाला होता, हात लावू नका गं.

खायचं आत नेऊ देत नाहीत, नसरीन म्हणते,
पर्स तपासतात.
पर्स तिच्याकडं आहे. आपल्याकडं पिशवी.
तरी भाकरी तळाशी ठेवीन, वर छत्री,
आणि शेंगदाण्याच्या चटणीची पुडी कमरेला.

आत गेल्यावर डावीकडं वळायचं नाही, तिकडं झोपाळे.
सरळ. टाकीच्या मागं. तिसरी रांग,
जिथं मुरूम लागला, तुझी पहार वाकली
आणि तू खड्ड्यालाच आईवरून शिवी दिलीस.
दीड फूट बाय दीड फूट. साहेबानं टेप लावला,
दोन बोटं कमी भरला म्हणून त्याचे पैसे कापले.
करंज लावला होता त्यात.
बघू तरी, करंजाला किती कमी पडलं.

नसरीनचं काम बहाव्याकडं.
तिची चमकी पडली होती त्याच्या आळ्यात.
दुपारभर माती चाळली चौघींनी, घावली नाही.
आता उन्हाळ्यात तो पिवळा झाला की
रस्त्यावरनंच बोट दाखवते, माझं सोनं बघा.
खरं तर तिला आठवत नाही
तोच की त्याच्या शेजारचा.
तू काही बोलू नको.

माझा आपटा मी शेवटी बघीन.
नसला तर नसला.
त्या साली टँकर मागच्या रांगेपर्यंत येत नव्हता,
घागर मी कडेवर नेत होते, ते हजेरीत धरलं नाही.
सोडला तेव्हा गुडघ्याला लागत होता.

वॉचमन म्हणेल, झाडांना हात लावू नका.
हो म्हणायचं.
विचारील, पहिल्यांदाच आलात का मावशी?
त्यालाही हो म्हणायचं.
नसरीनला आधीच बजावून ठेव,
तिला हसू आवरत नाही.

आणि सुटे आण.
वीसच्या नोटेला तिथं किंमत आहे,
पन्नासची दिली की म्हणतात,
थांबा बाजूला.